पडलेल्याचं नाव आधी

आमच्या बाचा आवाज ओढ्यापलीकडच्या माळापर्यंत जायचा. ही पोराची बढाई नव्हे, मेंढरं साक्षीला होती. पांगलेली मेंढरं गोळा करायला बा कधी उठून गेला नाही. बांधावर उभा राहून एकदा "हुर्र्या हो" म्हणायचा, की सगळी माना वर करून निघायची. पण हा माणूस घरातही तसाच बोलायचा. माय चुलीपुढं बसलेली असायची आणि हा तीन हातांवरून भाकर मागायचा, ती शेजारच्या चार घरांना ऐकू जायची. माय म्हणायची, "अवो, मी काय माळावर चरायलेय का? हळू मागा की." मग बा हळू बोलायचा प्रयत्न करायचा, आणि त्याला खोकलाच यायचा.

आमचं घर म्हणजे एक खोली, पुढं पडवी आणि मागं काट्याकुपाट्यांनी वेढलेलं मेंढरांचं वाडगं. नुकती जन्मलेली कोकरं घरात डालग्याखाली असायची, त्यामुळं आमच्या बोलण्यात अधूनमधून त्यांचंही बोलणं मिसळायचं. माय जेवणं झाली की लोकर घेऊन बसायची आणि सूत काढायला चाती फिरवायची. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, वर ठेचा. अजूनही येसर भाजल्याचा वास आला की मला आधी लोकरीचा वास येतो. आमच्या सूनबाईला हे सांगितलं तेव्हा तिनं जेवता जेवता ताट थोडं लांब सरकवलं. असो.

मी तेव्हा परभणीला बोर्डिंगात राहून शिकत होतो. लहानपणी पहिलं अक्षर गिरवलं ते उर्दूचं अलिफ. मग राज्य बदललं, पाटी तीच राहिली आणि तिच्यावर अ आला. नवे मास्तर आले ते पार तिकडून, पुण्याच्या बाजूचे. माणूस वाईट नव्हता, पण आमच्या बोलण्याचा त्यांना फार त्रास व्हायचा. "मी जातोय"च्या जागी "मी जायलोय" म्हणालं की बाकावर उभं. "लय" म्हणालं की उभं. पहिल्या वर्षी मी इतका उभा राहिलो, की मागच्या बाकावरची पोरं मला खांब म्हणायची. मग भीतीनं शिकलो. इतका शिकलो की वक्तृत्वात पहिला आलो. पण ती भीती काही गेली नाही. शनिवारी चालत गावाकडं यायचो तेव्हा ओढ्यापर्यंत शाळेचं बोलायचं आणि ओढा ओलांडला की घरचं, अशी मी वाटणी केली होती. घरी चुकून "आहे" म्हणालो तर माय म्हणायची, "आलं बग कलेक्टर." आणि शाळेत चुकून "हाय" निघालं तर बाक ठरलेला. दोन्हीकडं जीव मुठीत.

बाला गावात मान होता तो मेंढरांमुळं नव्हे, आवाजामुळं. आमच्या टाकळीच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरायचा आणि पुकारा करायचा तो बा. आधी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, आणि शेवटी चांदीच्या कड्याची. फडाच्या कडेला किसनमामाची हलगी आणि मधे बाचा आवाज. "चुडाव्याचा रामा, पोखर्णीचा विठोबा, जोड जमली! वाजू दे किसना!" मग जसजशी कुस्ती चालेल तसतसा बा पुकारत राहायचा. "कब्जा घ्यायलाय... दाबायलाय... अर्रर्र, सुटला! लय चपळ हाय पोरगं!" लांब बैलगाड्यांवर बसलेल्यांना आखाडा दिसत नसे. ते बाच्या तोंडून कुस्ती बघायचे.

आमच्या फडाची एक रीत होती. कुस्ती निकाली झाली की जिंकलेल्याचं नाव लगेच पुकारायचं नाही. आधी पडलेल्याचं. "पडला चुडाव्याचा रामा! लय चांगला लढला!" आणि पुकारणाऱ्यानं स्वतः जाऊन आपल्या उपरण्यानं त्याच्या पाठीची माती झटकायची. मग जिंकलेल्याचं नाव, मग फेटा, मग गोंधळ. माझा आजाही असाच पुकारायचा म्हणे. मी लहानपणी बाला विचारलं होतं, पडलेल्याचं आधी कशाला? बा म्हणाला, "जिकलेल्याला काय, आख्खी जत्रा हाय. पडलेल्याला घरला जायचं असतंय." रीत मोडली तर पडलेल्याचं गाव उठून जायचं आणि पुढं दोन-तीन वर्षं त्या गावचा मल्ल आमच्या फडात उतरायचा नाही.

त्या वर्षी जत्रेला रेडिओची जीप आली. शहरातल्या केंद्रावरून कॉमेंटरी करणारे एक साहेब आले होते. पांढरी पॅन्ट, काळा चष्मा, सोबत आवाज भरून घेणारं फितीचं एक यंत्र आणि ते सांभाळणारा एक माणूस. गाव कुस्त्या सोडून जीपच बघू लागलं. साहेबांनी आखाड्याशेजारी खुर्ची मांडली, यंत्राचा डबा बाच्या पुढं धरला आणि म्हणाले, "तुम्ही रोजच्यासारखंच बोला, बाबा." बा त्या दिवशी असा पुकारला की पाथरीच्या रस्त्यावर जाणाऱ्यांनीही ऐकलं असेल. त्याच्या प्रत्येक "दाबायलाय"ला मला मात्र मास्तरांचा बाक दिसत होता.

कुस्त्या संपल्यावर साहेबांनी विचारलं, "इथं कोणी शिकलेलं आहे का? काही शब्द समजले नाहीत." लोकांनी मलाच पुढं ढकललं. बा सगळ्यात पुढं होता. "माझा पोरगा हाय. परभनीला शिकायलाय. सांग रं नाऱ्या सायबाला." मी सांगितलं. साहेबांनी वही आणि पेन्सिल दिली, आणि मी जीपच्या बॉनेटवर वही ठेवून यादी केली. डावीकडं बाचा शब्द, उजवीकडं शुद्ध शब्द. अक्षर माझं सुरेख होतं. दीड पान भरलं. मला कोणी थांब म्हणालं नाही आणि मीही थांबलो नाही. शेवटी तर स्वतःहून एक ओळ खाली लिहिली: "ही माणसे मेंढरे हाकतात, त्यामुळे मोठ्याने बोलतात." ही माणसे! मास्तरांनी निबंधात शाबासकी दिली असती असं वाक्य. साहेबांनी ते वाचलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "छान. तू इथला वाटतच नाहीस."

मला आनंद झाला हो. खोटं कशाला सांगू. आयुष्यात पुढं बरीच कौतुकं झाली, पण त्या एका वाक्यानं मी जितका फुललो तितका कशानंच नाही. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. बा शेजारीच उभा होता. त्यानंही ते ऐकलं आणि हसला. त्याला ते माझं कौतुकच वाटलं असणार.

मग जीपमध्ये बसताना साहेबांनी ती वही यंत्रवाल्याला दाखवली. ते दोघं काही तरी कुजबुजले आणि यंत्रवाल्यानं तोंडावर हात धरून हसू दाबलं. तेवढंच. पण तसं हसणं मला पाठ होतं. वर्गात मी बाकावर उभा राहिलो की पोरं तशीच हसायची.

पुढच्या रविवारी संध्याकाळी चावडीच्या रेडिओवर लागणार होतं. तो आठवडा मी कसा काढला, माझं मला ठाऊक. शनिवारी गावी आलो तर बा घरोघर सांगून आला होता. पोखर्णीच्या मावशीला निरोप गेला होता, चुडाव्याच्या रामाला निरोप गेला होता. मायनं पाहुण्यांसाठी धपाट्यांचं पीठ भिजवलं होतं. बानं पटका धुऊन वाळत घातला होता. मी मायला म्हणालो, "माय, रेडिओत काय भरवसा न्हाई. लागंल, न लागंल." माय म्हणाली, "शुभ बोल की नाऱ्या. असं अभद्र काय बोलायलास?" रविवारी दुपारी मी चावडीवर गेलो. रेडिओची तार लिंबावर बांधलेली होती. एक हिसका दिला असता तर सगळं मिटलं असतं. पण खाली कोतवाल बसला होता आणि मला बघून कौतुकानं म्हणाला, "ये ये, नारायना. आज तुज्या बाचा दिवस हाय. बस पुढं." मी बसलो. रेडिओची बॅटरी उतरावी म्हणून खंडोबाला नारळ बोललो. खंडोबानं ऐकलं नाही.

चावडी भरली होती. बा मधोमध, पांढऱ्या पटक्यात, गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसला होता. खरखर झाली आणि आधी आली ती किसनमामाची हलगी. लोक ओरडले. मग बाचा आवाज आला, "चुडाव्याचा रामा..." आणि सगळ्यांनी रामाच्या पाठीत धपाटे घातले. बाच्या चेहऱ्याकडं मी एकदाच बघितलं. डब्यातून आपलाच आवाज येतोय म्हणून तो लाजला होता. इतका मोठा माणूस, लाजून जमिनीकडं बघत होता.

मग आवाज मधेच थांबला आणि साहेबांचा आला. "श्रोतेहो, घाबरू नका. तुमचा रेडिओ बिघडलेला नाही. याला म्हणतात कुस्तीचं वर्णन!" दुसरा कोणी तरी खो खो हसला. साहेबांनी बाची नक्कल सुरू केली. "दाबायलाऽऽय, सुटायलाऽऽय." नक्कल हुबेहूब होती, म्हणूनच जास्त लागली. तो दुसरा विचारायचा, "म्हणजे काय हो?" आणि साहेब अर्थ सांगायचे. एकेक शब्द, ओळीनं. माझ्या यादीच्या क्रमानं. आमची माणसं आधी हसली. आपलंच काही तरी चाललंय एवढंच त्यांना वाटलं. मग तो दुसरा म्हणाला, "हे कुस्ती सांगताहेत की मेंढरं हाकताहेत?" आणि तो मेंढरासारखा ओरडला. बें, बें. चावडीवर एकजण हसता हसता थांबला, मग दुसरा. साहेब म्हणाले, "हे आम्ही म्हणत नाही बरं का. त्याच गावच्या एका हुशार विद्यार्थ्यानं लिहून दिलंय. ही माणसे मेंढरे हाकतात, त्यामुळे मोठ्याने बोलतात."

सगळी चावडी माझ्याकडं वळली. मी वर्गातल्या बाकावर नव्हतो, जमिनीवर बसलो होतो, तरी वाटलं की उभाच आहे आणि सगळे बघताहेत. बा मात्र वळला नाही. तो उठला, पटका नीट केला आणि म्हणाला, "चला, घरला जावं. मेंढरं वरडायलीत." त्या वेळी मेंढरं ओरडत नव्हती. पाहुण्यांनी धपाटे खाल्ले आणि गाड्या जुंपल्या. मायनं माझ्या ताटात धपाटं टाकलं आणि चुलीकडं वळली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बा मला रागावला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढंही नाही. त्यानं दुसरंच केलं, ते जास्त वाईट होतं. तो हळू बोलायला लागला. परभणीच्या मोंढ्यात लोकर विकायला गेला की दुकानदाराला बोटांनी भाव दाखवायचा. आणि एका शनिवारी जेवताना त्यानं मला विचारलं, "नाऱ्या, पानी म्हनावं का पाणी?" मी म्हणालो, "कसंबी म्हन बा." तर म्हणाला, "न्हाई, तू शिकलेला हाईस. बरोबर काय ते सांग." आणि माझ्यासमोर, भाकरीचा तुकडा हातात धरून, माझा बाप दोन-तीनदा "पाणी, पाणी" असं घोकला. मायनं तव्यावरची भाकर खाली उतरवली आणि उठून वाडग्यात गेली. मी जेवण तसंच टाकलं. पोटचं पोर बापाला बोलायला शिकवतंय, हे कोणाच्या वाट्याला येऊ नये.

पुढच्या जत्रेच्या आधी पंच घरी आले. बा म्हणाला, "औंदा दुसरं कुनी बगा. माजा घसा बसलाय." घसा बसला नव्हता. पंच म्हणाले, "गेनबा, तुज्याबिगर फड कसा व्हईल?" बा घोंगडी झटकायला लागला. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "मी पुकारतो." पंचांनी बाच्या तोंडाकडं बघितलं. बानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "पुकारू द्या." मला वाटलं होतं, असं केलं की माझं ओझं हलकं होईल. झोप मात्र त्या दिवसापासून उडाली.

जत्रेच्या दिवशी आखाड्यात उतरलो आणि समोर बघतो तर जीप. तेच साहेब, तोच चष्मा, तेच यंत्र. श्रोत्यांना मागची गंमत फार आवडली होती म्हणे. साहेबांनी मला ओळखलं. "अरे वा, आता तू? मग यादी लागणार नाही!" बा लांब, बायकांच्या गाड्यांपलीकडं, एकटाच घोंगडीवर बसला होता.

रेवड्यांच्या कुस्त्या कशाबशा निघाल्या. एकेका पोराचं नाव घेताना माझी नजर त्या यंत्रावर जायची. "घ्यायलाय" तोंडात यायचं आणि मी ते गिळून "घेत आहे" म्हणायचो, तोवर पोरगं पडलेलं असायचं. गाड्यांवरून ओरडा सुरू झाला, "काय चाललंय काय? ऐकू येईना!" किसनमामाची हलगी दोनदा चुकली, कारण ती माझ्या बोलण्यावर चालेना. शेवटी कड्याची कुस्ती लागली. पुन्हा चुडाव्याचा रामा, आणि समोर पाथरीचा एक तगडा गडी. कुस्ती बराच वेळ चालली. मी काय बोललो ते मला आजही आठवत नाही. एकदम धूळ उडाली, रामाची पाठ लागली, लोक उठले, साहेबांनी डबा माझ्या तोंडापुढं धरला आणि मी, वक्तृत्वात पहिला आलेला नारायण, खणखणीत आवाजात म्हणालो, "विजयी झाला आहे पाथरीचा पैलवान!"

हलगी थांबली. रामा मातीतून उठला, माझ्याकडं बघितलं आणि तसाच, मातीच्या पाठीनं, चालायला लागला. चुडाव्याची माणसं उठली. एकानं धोतर खोचलं, दुसरा गाडीला बैल जुंपायला निघाला. "हे असलं शिकून आला का रं? रामाला काय नाव न्हाई का?" मला तेव्हा कळलं मी काय केलं ते. रामाचं नाव घ्यायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. साहेबांचं यंत्र फिरतच होतं.

"थांबा!"

तो आवाज आला आणि लांबच्या गाड्यांचे बैलसुद्धा बिचकले. बा गर्दीतून आखाड्यात येत होता. वर्षभर हळू बोललेला आवाज, पण त्याला काही झालेलं नव्हतं. त्यानं यंत्राकडं बघितलं नाही, साहेबांकडं बघितलं नाही. "पडला चुडाव्याचा रामा! लय चांगला लढला! कुठं चाललास रं मर्दा? पाठ दाव इकडं!" रामा थांबला. बानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याच्या पाठीची माती झटकली. चुडाव्याच्या माणसांनी बैल सोडले. मग पाथरीच्या गड्याचं नाव झालं, हलगी वाजली, फेटे उडाले. साहेब यंत्रवाल्याला खुणेनं सांगत होते, चालू ठेव, चालू ठेव. ते पुढं रेडिओवर लागलं की नाही, कसं लागलं, हे मी कधी विचारलं नाही. आता नातू रोज मोबाइलवर क्रिकेट लावतो, चार-पाच जण बोलत असतात, एकमेकांची खेचत असतात. मी दोन मिनिटं ऐकतो आणि उठून बाहेर जातो.

लोक पांगायला लागले होते. मी आखाड्याच्या मधे तसाच उभा होतो, कोणाकडं बघावं कळत नव्हतं. बा परत फिरला. त्यानं किसनमामाला हात केला आणि हलगी एकदा कडाडली. जाणारी माणसं थांबली. बानं तोंडापाशी हात धरला, जसा मेंढरांना हाक मारताना धरायचा, आणि पुकारलं, "आनिक एक राहिला! पडला टाकळीचा नारायन, गेनबाचा पोरगा! लय चांगला लढला!"

माणसं हसली. पण ते हसणं वेगळं होतं, आपल्या घरचं. मी रडायला लागलो. सोळा-सतरा वर्षांचा घोडा, फडभर लोकांत रडत होतो. बा जवळ आला, मला खांद्याला धरून वळवलं आणि उपरण्यानं माझ्या पाठीवर तीन-चार फटके मारले. शाळेचा पांढरा सदरा होता, इस्त्रीचा. मी पडलोच नव्हतो, तर पाठीला माती कुठून असणार? मी म्हणालो, "बा, माती न्हाई लागली."

"हाय," बा म्हणाला. "मला दिसायलीय." आणि झटकत राहिला.